काळी काच आणि रिकामे रस्ते

(नभोवाणीवरील भाषण)

भर दुपारी, ऊन डोक्यावर तापत असताना, एखादा छायाचित्रकार ट्रायपॉडवर कॅमेरा बसवतो आणि भिंगापुढे एक जवळजवळ काळी काच लावतो. हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटल्याखेरीज राहणार नाही. छायाचित्र म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र. मग प्रकाशाची अशी लयलूट असताना तो मुद्दाम अडवायचा कशासाठी?

या काचेला छायाचित्रकारांच्या परिभाषेत ‘न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर’ म्हणतात. न्यूट्रल, म्हणजे रंगांच्या बाबतीत तटस्थ. तांबडा, हिरवा, निळा असा भेदभाव न करता ती सर्वच रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करते. प्रकाश कमी झाला की कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवता येते. उन्हात जे चित्र सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात उमटले असते, ते उमटायला आठ सेकंद, आठ मिनिटेही लावता येतात. तेवढ्या अवधीत वाहते पाणी धुक्यासारखे मऊ होते, ढगांचे पट्टे ओढले जातात आणि रस्त्यावरून चालणारी माणसे चित्रातून पार नाहीशी होतात.

आज हा हौसेचा आणि कलेचा विषय आहे. परंतु श्रोते हो, जे आपण आज काळी काच लावून मुद्दाम घडवून आणतो, ते छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेत नको असतानाही घडत होते. त्या काळच्या छायाचित्रांतून किती माणसे अशी नाहीशी झाली, आणि त्यामुळे जुन्या चित्रांकडे पाहताना आपली कशी फसगत होते, हे सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला आहे.

आरंभ करू फ्रान्समधल्या सँ-लू-द-वारेन या खेड्यापासून. तेथे निसेफोर निएप्स याने १८२६ किंवा १८२७ साली आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून बाहेरचे दृश्य एका पत्र्यावर टिपले. पत्रा कथिलाच्या मिश्रधातूचा, आणि त्यावर लेप डांबराच्या जातीच्या एका द्रव्याचा. कॅमेऱ्याने निसर्गातून टिपलेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या चित्रांत हे सर्वांत जुने मानले जाते. हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकाराने १९५२ साली ते शोधून काढले, आणि आता ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चित्रात पाहण्यासारखे फारसे काही नाही. काही छपरे, भिंती, एक झाड आणि आकाश. पण नीट निरखले तर एक चमत्कार ध्यानात येतो. अंगणाच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले आहे. सकाळचा सूर्य एका भिंतीवर पडेल, संध्याकाळचा दुसऱ्या. दोहोंवर एकाच वेळी पडणे शक्य नाही. याचा अर्थ सूर्य आकाश ओलांडून जाईपर्यंत कॅमेरा उघडाच होता. पूर्वी हा अवधी आठ तासांचा समजत. पुढे काही अभ्यासकांनी तीच कृती पुन्हा करून पाहिली तेव्हा तो कित्येक दिवसांचा असावा असे त्यांना वाटले. काही असो, जगातले हे पहिले टिकलेले छायाचित्र एखाद्या क्षणाचे नाही, कालखंडाचे आहे. त्या अंगणातून त्या अवधीत कोणी गेले असेल, कोंबड्या चरल्या असतील, कोणी पाणी नेले असेल. त्यांपैकी कशाचीही खूण त्या पत्र्यावर नाही.

बारा वर्षांनी, १८३८ साली, पॅरिसमध्ये लुई दाग्येर याने आपल्या खिडकीतून ‘बुलेव्हार दु तांप्ल’ या रस्त्याचे चित्र घेतले. निएप्सचा हा एके काळचा भागीदार. त्याची रीत निराळी होती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ देऊन तो पत्रा प्रकाशाला संवेदनशील करायचा, आणि नंतर पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र प्रकट करायचे. या रीतीने तासांचे काम काही मिनिटांवर आले. तो रस्ता नाटकगृहांचा, पॅरिसमधल्या गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक. गाड्या, घोडे, पायी चालणारे लोक यांची तेथे सतत वर्दळ असे. पण दाग्येरच्या चित्रात तो निर्मनुष्य आहे. झाडे आहेत, घरांची धुराडी आहेत, खिडक्यांच्या चौकटी मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. माणूस मात्र नाही.

नाही म्हणायला एक माणूस आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या कडेला, एक गृहस्थ एक पाय वर ठेवून उभा आहे. तो बुटांना पॉलिश करून घेत आहे. तारायंत्राचा जनक सॅम्युअल मोर्स हा तेव्हा पॅरिसमध्ये होता. १८३९ च्या मार्च महिन्यात त्याने दाग्येरकडे जाऊन ही चित्रे पाहिली आणि आपल्या भावांना पत्र लिहून त्यांचे वर्णन कळवले. ते पत्र पुढे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापले गेले. मोर्स स्वतः चित्रकार होता. त्याच्या नजरेतून हा माणूस सुटला नाही. सदैव गर्दीने भरलेला रस्ता चित्रात ओसाड दिसतो, आणि या एकाचे पाय तेवढे स्थिर असल्यामुळे पायच स्पष्ट उमटले आहेत, अशा अर्थाचे त्याचे निरीक्षण आहे. कारणही त्याने बरोबर ओळखले होते: जे हलले, ते उमटले नाही.

छायाचित्रात दिसणारे पहिले मनुष्य म्हणून या अनामिकाचा उल्लेख वारंवार होतो. परंतु त्याच्या पायाशी जो पॉलिश करणारा होता, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तोही तेथेच होता, तितकाच वेळ होता. पण त्याचे हात चालत होते, अंग हलत होते. म्हणून त्याची आकृती गिऱ्हाइकापेक्षा पुसट, जवळजवळ डागासारखी झाली आहे. सेवा घेणारा स्थिर होता, तो राहिला. काम करणारा हलत होता, तो विरला. छायाचित्रणाच्या पहिल्या पावलालाच हा पंक्तिप्रपंच घडला. त्यात कोणाचा हेतू नव्हता. रसायनाचा तो गुण होता.

या गुणाचे गणित साधे आहे. समजा, झडप पाच मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद उघडी आहे. चालणारा माणूस आपल्या अंगाच्या रुंदीएवढी जागा अर्ध्या सेकंदात मागे टाकतो. म्हणजे रस्त्याच्या त्या तुकड्यासमोर तो एकूण वेळेच्या ६०० व्या हिश्श्याएवढाच होता. उरलेला सारा वेळ त्याच्यामागची फरसबंदी पत्र्यावर आपला प्रकाश पाठवीत होती. पत्र्याने कोणाचे चित्र धरावे? जो अधिक वेळ समोर राहिला त्याचे. कॅमेऱ्याला गर्दी दिसत नाही असे नाही. ती त्याच्या हिशेबात नगण्य ठरते, इतकेच.

माणसांची चित्रे काढायची तर मग एकच उपाय उरला: माणसाला हलू न देणे. स्टुडिओत खुर्चीच्या मागे लोखंडी दांडा उभा करून त्याच्या चिमट्यात डोके मागच्या बाजूने अडकवीत. लहान मुलाला धरून ठेवण्यासाठी आईलाच कापडाखाली झाकून खुर्चीसारखे बसवीत, आणि चित्रात मूल तेवढे दिसावे अशी योजना करीत. ओठांवर हसू धरून ठेवणे कितीसा वेळ जमणार? म्हणून चेहरा गंभीर ठेवणे सोयीचे. आपल्याकडे जुन्या घरांच्या माजघरात पूर्वजांच्या तसबिरी असतात, आणि त्या पाहून नातवंडे विचारतात, पणजोबा इतके रागीट होते का? ते रागीट असतील किंवा नसतीलही. पण त्या चेहऱ्यावरच्या ताठरपणात फोटोग्राफरच्या ‘हलू नका’ या आज्ञेचा वाटा मोठा आहे. पुढे काचा जलद झाल्या, तरी ती ताठ बसण्याची रीत सवयीने बराच काळ टिकून राहिली.

घरच्या तसबिरीतला हा गैरसमज निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. शहरांच्या चित्रांत मात्र प्रकरण गंभीर होते. ग्लासगो शहराचे उदाहरण घ्या. तेथल्या जुन्या वस्तीत अरुंद बोळांतून दाटीवाटीने गोरगरीब राहत. १८६६ साली कायदा होऊन ही वस्ती पाडण्याचे ठरले, आणि पाडण्यापूर्वी तिची नोंद राहावी म्हणून शहर-सुधारणेच्या मंडळाने टॉमस अ‍ॅनन या छायाचित्रकाराला काम दिले. १८६८ ते १८७१ या काळात त्याने ही चित्रे घेतली. बोळ इतके अंधारे की काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. त्यामुळे चित्रांत भिंतींचा एकेक दगड मोजता येतो, आणि तेथे राहणारे लोक मात्र कोठे स्पष्ट, कोठे दुहेरी, तर कोठे नुसते पांढुरके सावट होऊन राहिले आहेत. उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहणारे टिकले, मध्येच हललेले धूसर झाले. ज्यांची घरे जाणार होती, त्यांच्यापैकी कित्येकांची अखेरची खूण म्हणजे भिंतीपुढचा एक धुरकट डाग. अ‍ॅननने हे जाणून केले नाही. त्याने ती चित्रे घेतली नसती तर तो डागही उरला नसता. पण चित्र पाहणाऱ्याला वाटते, हे बोळ ओसाडच होते. येथून कोणाला हलवावे लागले नसेल.

पॅरिसमध्येही त्याच सुमारास असेच घडत होते. नवे रुंद रस्ते काढण्यासाठी जुने पॅरिस पाडले जात होते, आणि जाणाऱ्या गल्ल्यांची चारशेहून अधिक चित्रे शार्ल मार्व्हिल याने शहराच्या आज्ञेवरून घेतली. ओल्या दगडांवर चकाकणारा प्रकाश, दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, सारे अप्रतिम. मात्र बहुतेक गल्ल्या सुन्या. त्या चित्रांवरून जुन्या पॅरिसच्या एकांताची वर्णने करणाऱ्याने हे विसरू नये की दुकानाची पाटी हलत नसते, गिऱ्हाईक हलत असते.

आता आपल्या परिसराकडे येऊ. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेथल्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. इंदूरकरांना अभिमानाचे नाव म्हणजे लाला दीनदयाळ यांचे. मेरठजवळच्या सरधन्याचे हे गृहस्थ रुडकीला शिकून १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि छायाचित्रणाची विद्या त्यांनी इंदुरातच हस्तगत केली. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन मिळाले. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, खजुराहो, सांची येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांचा ग्रंथ १८८६ साली निघाला. पुढे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब दिला. १९०५ साली ते निवर्तले.

दीनदयाळांच्या कारकीर्दीतच छायाचित्रणाची रसायने पालटली. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली होती. तिच्यात मिनिटांचे सेकंद झाले. पण काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि लगेच ते धुवावे लागे. म्हणून प्रवासी छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, बाटल्या आणि हमाल यांचा लवाजमा चाले. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. १८७८ साली चार्ल्स बेनेट याने जिलेटिनचे मिश्रण ऊब देऊन मुरवले असता काच कितीतरी अधिक जलद होते हे दाखवले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात म्यूब्रिजने धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात हे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी सिद्ध केले. दीनदयाळांनी ओल्या काचांवर हात बसवला आणि कोरड्या काचांवर कीर्ती मिळवली.

तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, पणजी, बेळगाव यांचे एकोणिसाव्या शतकातले एखादे छायाचित्र हाती आले, आणि बाजार सुना किंवा घाट मोकळा दिसला, तर त्यावरून लोकवस्तीचे अनुमान काढण्याची घाई करू नये. आधी विचारावे, काच ओली होती की कोरडी? वेळ सकाळची की दुपारची? झाडांची पाने स्पष्ट आहेत की पुसट? पाण्यावर लाटा आहेत की ते दुधासारखे एकसंध आहे? पाणी दुधासारखे आणि पाने पुसट असतील, तर तेथे माणसे नव्हती असे म्हणता येणार नाही. ती उभी राहिली नाहीत, एवढेच म्हणता येईल. आणि वास्तूच्या पायरीवर जो एकटा मनुष्य निश्चल बसलेला दिसतो, तो बहुधा आपखुशीने बसलेला नसतो. वास्तूची उंची समजावी म्हणून छायाचित्रकारानेच त्याला तेथे बसवलेले असते. डोक्यावर भारा घेऊन जाणारी बाई, झाडणारा, पाणी भरणारा, गाडीवान हे सारे त्या चित्रांच्या बाहेर राहिले. त्यांची गाठ पडायची तर दप्तरे, हिशेबाच्या वह्या आणि प्रवासवर्णने यांच्याकडेच वळले पाहिजे.

काचा आणि फिल्म जलद झाल्यावर चालता माणूस चित्रात आला. साठ वर्षांच्या खटाटोपाचे हे फळ. पण मनुष्यस्वभाव असा की, जे कष्टाने दूर केले त्याचीच पुढे ओढ लागते. सेकंदाच्या शेकडो हिश्श्यांत टिपलेला धबधबा काचेच्या तुकड्यांसारखा थिजलेला दिसू लागला; त्याचे वाहणे दिसेना. आता उन्हात दीर्घकाळ झडप उघडी ठेवावी तर चित्र पांढरे होऊन जाते. भिंगाचे छिद्र लहान करावे तर त्यालाही मर्यादा आहे. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी वळतो आणि चित्राचा रेखीवपणा जातो. तेव्हा प्रकाशच अडवणे भाग पडले.

या अडवण्याचे शास्त्र छायाचित्रणाहून जुने आहे. फ्रान्समधील पिएर बूगेर याने १७२९ साली प्रकाशाच्या मोजमापावर एक ग्रंथ लिहिला. सूर्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ३,००,००० पट आहे, असे त्याने मेणबत्तीशी तुलना करून काढले होते. आजचा आकडा चार लाखांच्या आसपास आहे. त्याने आणखी एक नियम सांगितला. एका काचेतून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर तशीच दुसरी काच पुढे ठेवल्यास उरलेल्याचा निम्मा, म्हणजे पाव पार होतो. तिसरीने आठवा हिस्सा उरतो. काचांची बेरीज होते तेव्हा प्रकाशाचा गुणाकार होतो. १८९० साली इंग्लंडमधील विडनेस येथील रासायनिक कारखान्यात काम करणारे दोन गृहस्थ, फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड, यांनी छायाचित्राच्या काळेपणाला हाच हिशेब लावला आणि लॉगॅरिथमच्या आधारे ‘डेन्सिटी’, म्हणजे घनता, हे माप रूढ केले. आजच्या काळ्या काचांवरचे आकडे याच हिशेबाचे आहेत. ०.३ घनतेची काच निम्मा प्रकाश सोडते, ०.६ ची पाव, ०.९ ची अष्टमांश, १.८ ची सुमारे ६४ वा हिस्सा आणि ३.० ची हजारावा हिस्सा. दोन काचा एकावर एक लावल्या की आकड्यांची नुसती बेरीज करायची. काही काचांवर घनतेऐवजी थेट ‘१०००’ असा पटीचा आकडा असतो. खरेदी करताना दोन पद्धतींची गल्लत होऊ देऊ नये.

समजा, आपण महेश्वरच्या घाटावर स्वच्छ उन्हात उभे आहोत. फिल्मची किंवा कॅमेऱ्याची संवेदनशीलता १००, भिंगाचे छिद्र एफ १६. अशा वेळी सेकंदाचा १२५ वा हिस्सा पुरतो. ३.० घनतेची काच लावली की हा अवधी हजारपट, म्हणजे ८ सेकंद होतो. नर्मदेवरच्या लहरी मावळून पाणी गुळगुळीत दिसेल. बांधलेल्या होडीच्या कडा किंचित दुहेरी होतील. हात जोडून निश्चल उभा असलेला भाविक राहील आणि पायऱ्या चढणारे लोक ओझरत्या रेघा होतील. तिच्यावर १.८ ची आणखी एक काच लावली तर अवधी ६४ पटीने वाढून साडेआठ मिनिटे होतो. आता चढणारे, उतरणारे, कपडे धुणारे, सारे गेले. किल्ल्याची तटबंदी, छत्र्या, पायऱ्या आणि धुक्यासारखी नदी. आपण १८३८ च्या पॅरिसला येऊन पोचलो, तेही विसाव्या शतकाची सारी गती हाताशी असताना.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी चौकट आणि फोकस काच लावण्यापूर्वीच पक्के करावे, कारण काच लावल्यावर पुष्कळ कॅमेऱ्यांत काहीच दिसत नाही. शटर हाताने न दाबता तारेने किंवा घड्याळाने सोडावे. नेत्रिकेतून मागचे ऊन आत शिरू नये म्हणून ती झाकावी. फिल्म वापरणाऱ्याला आणखी एक हिशेब आहे. प्रकाश निम्मा आणि वेळ दुप्पट केला तर परिणाम तोच राहावा, असा सर्वसाधारण नियम; पण अवधी फार लांबला की फिल्म आळसावते आणि हिशेबाहून अधिक वेळ मागते. तारकांचे फोटो घेताना कार्ल श्वार्त्सशिल्ट या जर्मन ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आळसाचे गणित मांडले. डिजिटल कॅमेऱ्याला हा आळस नाही, पण दीर्घ अवधीत तो तापतो आणि चित्रात ठिपके उठतात. स्वस्त काचा नावाच्याच तटस्थ असतात. त्या तांबूस किंवा निळसर झाक सोडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: ही काच डोळ्याला लावून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे कधीही पाहू नये. दिसणारा प्रकाश ती अडवते, पण न दिसणारे अवरक्त किरण तिच्यातून पुष्कळ पार होऊ शकतात, आणि त्याने डोळा कायमचा जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दाग्येरच्या वेळी गर्दी नाहीशी झाली ती नाइलाजाने. आज ती नाहीशी होते ती आपल्या इच्छेने. इच्छेने केलेल्या गोष्टीची जबाबदारी असते. कलावंताने ती कशी पेलावी याची दोन उदाहरणे सांगतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९२ च्या सुमारास, सेंट पीटर्सबर्गमध्ये अलेक्सी टिटारेंको याने भुयारी रेल्वेच्या दारापाशी लोटणारे लोक दीर्घ अवधीत टिपले. त्या चित्रांत माणसांचा धूर झालेला आहे. मात्र कठड्याला धरलेले हात तेवढे स्पष्ट आहेत. येथे विरणे हेच सांगणे आहे: हालअपेष्टांनी माणसांच्या सावल्या झाल्या, हे त्याला दाखवायचे होते. दुसरा जर्मनीचा मिखाएल वेसेली. बर्लिनमधल्या पोट्सडामर प्लाट्सची पुन्हा उभारणी होत असताना त्याने १९९७ ते १९९९ अशी जवळजवळ दोन वर्षे कॅमेरे उघडे ठेवले. त्या चित्रांत नव्या इमारती पारदर्शक दिसतात आणि आकाशात सूर्याच्या रोजच्या वाटा रेघारेघांनी उमटल्या आहेत. ज्यांनी त्या इमारती बांधल्या त्या कामगारांपैकी एकही तेथे नाही. पण वेसेलीने चित्राबरोबर अवधी सांगितला आहे, म्हणून पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. ही रिकामी जागा वेळेने केलेली आहे, हे त्याला कळते.

हाच धडा आपण घ्यावा असे मला वाटते. आज हातातल्या टेलिफोनमध्येसुद्धा अनेक चित्रे एकत्र करून गर्दी पुसून टाकण्याची सोय आहे. देवळाचे, किल्ल्याचे, घाटाचे असे सुने, शांत चित्र घ्यायला हरकत नाही. ते सुंदर असते. पण चित्रामागे तारीख लिहितो तसा अवधीही लिहून ठेवावा: आठ सेकंद, साडेआठ मिनिटे, जो असेल तो. शंभर वर्षांनी कोणी ते चित्र पाहील आणि म्हणेल, त्या काळी महेश्वरला माणसेच नव्हती की काय! तेव्हा तो एक आकडा त्याला सांगेल की होती, पुष्कळ होती, आपापल्या कामाला चालली होती.

आणि जुने चित्र पाहताना आपणही तेवढे मनात ठेवावे. रिकामा रस्ता दिसला की क्षणभर थांबून विचारावे, येथून कोण कोण गेले असेल? कोपऱ्यात एखादा डाग दिसला तर तो काचेवरचा दोष समजून पुसू नये. तो कदाचित पॅरिसच्या त्या बूट पुसणाऱ्याचा कोणी भाऊबंद असेल. हातातले काम थांबवायला त्याला सवड नव्हती, इतकेच.